शेकडा, पण कशाचे? शालेय गणितातील नेहमीच्या उदाहरणांची उकल

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत २२,३२,४८० होती. २०११ मध्ये ती २५,८६,२५८ झाली. दहा वर्षांत ती शेकडा कितीने वाढली, हे उदाहरण सातवी-आठवीच्या कोणत्याही उदाहरणसंग्रहात शोभेल. वाढ ३,५३,७७८ इतकी. ही वजाबाकी बहुतेकांची बरोबर येते. गडबड होते ती पुढच्या पायरीवर. या वाढीला २००१ च्या संख्येने भागले तर १५.८५ टक्के हे उत्तर मिळते, आणि तेच खरे. २०११ च्या संख्येने भागले तर १३.६८ टक्के येतात. दुसऱ्या रीतीतही भागाकार निर्दोष असतो, दशांशचिन्ह जागेवर असते, तरी उत्तर चुकलेले असते. ‘वाढली’ या क्रियापदात ‘आधी होती त्यापेक्षा’ हे शब्द अध्याहृत आहेत. ते वाचलेच गेले नाहीत, एवढाच काय तो दोष.

शालेय अंकगणित आणि बीजगणितातील नेहमीच्या चुकांकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यांतील पुष्कळशा चुका आकडेमोडीच्या नसून वाचनाच्या आहेत, असे दिसून येते. शिष्यवृत्ती परीक्षेतील बहुपर्यायी प्रश्न असोत की दहावीच्या ‘गणित भाग १’ मधील शाब्दिक उदाहरणे, पाढे पाठ असलेला विद्यार्थीही तेथे अडखळतो. त्याला भागाकार येत असतो. कशाला कशाने भागायचे, हे ठरवता येत नसते. मराठीत हा निर्णय बहुधा एखाद्या लहानशा प्रत्ययावर किंवा शब्दावर अवलंबून असतो : चा, ची, चे, ने, पेक्षा, मागे, उरलेल्याचा.

संख्यांच्या वाचनापासूनच हा प्रश्न सुरू होतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारले जातात आणि लिहिताना दोन आधी येतात. त्यामुळे लहान मुले २५ च्या जागी ५२ लिहितात. ‘एकोणतीस’ तर चक्क वजाबाकी आहे : तिसाला एक उणा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशी सुटी वाचने पुढे आणली गेली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची भूमिका मुलांची ही अडचण लक्षात घेण्याची होती. विरोधकांचे म्हणणे भाषेच्या बाजूचे होते, आणि तेही दुर्लक्ष करण्याजोगे नव्हते. मात्र संख्यावाचन हा भाषेचाही विषय आहे, हे त्या वादात दोन्ही पक्षांनी गृहीतच धरले होते.

शंभराचा पाया

टक्केवारीच्या उदाहरणात पहिला प्रश्न ‘किती’ हा नसतो, ‘कशाचे’ हा असतो. एखाद्या मालाचा भाव २० टक्क्यांनी उतरला आणि नंतर २० टक्क्यांनी चढला, तर तो मूळ जागी येतो, असे पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटते. १०० चे ८० झाले. आता चढ ८० च्या २० टक्क्यांचा, म्हणजे १६ चा. भाव ९६ वरच थांबतो. मूळ भाव परत मिळण्यासाठी ८० वर २० ची, म्हणजे २५ टक्क्यांची वाढ लागते.

याच जातीचे, पण थोडे अवघड उदाहरण सोयाबीनच्या ओलाव्याचे आहे. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर येथील बाजार समित्यांत दर हंगामात ते प्रत्यक्ष उभे राहते. हमीभावाने खरेदीसाठी सोयाबीनमधील ओलावा एरवी १२ टक्क्यांपर्यंत चालतो. समजा, १० क्विंटल मालात १५ टक्के ओलावा निघाला. तो वाळून १२ टक्क्यांवर आला, तर वजन किती भरेल?

चटकन सुचणारे उत्तर असे : ओलावा ३ टक्क्यांनी घटला, म्हणून १००० किलोतून ३० किलो गेले, उरले ९७० किलो. हे उत्तर चूक आहे. १५ टक्के हे ओल्या मालाचे आहेत आणि १२ टक्के वाळलेल्या मालाचे. दोन निरनिराळ्या वजनांच्या टक्क्यांची वजाबाकी करता येत नाही. न बदलणारी गोष्ट कोणती, ते आधी शोधावे लागते. माल वाळताना पाणी जाते, दाण्याचा कोरडा भाग तेवढाच राहतो. तो १००० किलोच्या ८५ टक्के, म्हणजे ८५० किलो. वाळल्यावर एकूण वजन ‘क्ष’ किलो मानले, तर त्यातील ८८ टक्के कोरडा भाग. म्हणून,

०.८८ × क्ष = ८५०
क्ष = ८५० ÷ ०.८८ = ९६५.९ किलो (सुमारे)

घट ३४.१ किलोची आहे. आता समजा, जास्तीच्या प्रत्येक टक्क्याला क्विंटलमागे दीड किलो कापण्याचे कोणी ठरवले. तीन टक्क्यांचे साडेचार किलो, दहा क्विंटलचे ४५ किलो. वाजवी घटीपेक्षा ही कपात सुमारे १०.९ किलोंनी अधिक आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या ५,३२८ रुपये हमीभावाने हिशेब केला, तर हा फरक ५८१ रुपयांच्या घरात जातो. उलट, टक्क्याला एक किलो हा हिशेब विक्रेत्याच्या बाजूने थोडा झुकतो. कोणता कापा योग्य, हे सांगायला वरच्या दोन ओळींचे समीकरण पुरते, आणि ते आठवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे.

व्याजाच्या उदाहरणात हीच चूक काळाच्या रूपाने येते. पाठ्यपुस्तकात दर ‘द.सा.द.शे.’ असा लिहिलेला असतो : दर साल, दर शेकडा. व्यवहारात मात्र ‘शेकडा दोन’ म्हटले की तो महिन्याचा दर असतो, आणि ‘दरमहा’ हा शब्द बोलण्यात गळून जातो. पीककर्जाचा सवलतीचा दर ७ टक्के आणि मुदतीत फेड केल्यास केंद्राच्या सवलतीमुळे प्रत्यक्षात ४ टक्के, असे बँकेत सांगितले जाते. ऐकणाऱ्याच्या कानाला चारापेक्षा दोन कमी. एक लाख रुपयांवर वर्षाचे व्याज मांडले की चित्र उलटे होते : द.सा.द.शे. ४ ने ४,००० रुपये; शेकडा दोन दरमहाने २,००० गुणिले १२, म्हणजे २४,००० रुपये. लहान वाटणारा दर सहापट महाग पडला. आणि तेच व्याज दरमहा मुद्दलात मिळवले, म्हणजे चक्रवाढ केले, तर १.०२ चा बारावा घात घ्यावा लागतो. तो सुमारे १.२६८२ येतो आणि व्याज २६,८२४ रुपये होते.

धान्याच्या उधारीतली जुनी ‘सवाई’ आणि ‘दिढी’ यांचाही असाच हिशेब होतो. पेरणीला चार क्विंटल घेतले आणि पाच महिन्यांनी सुगीत पाच क्विंटल परत केले, ही सवाई. पाच महिन्यांत २५ टक्के, म्हणजे वर्षाला ६० टक्के. दिढीत तो दर १२० वर जातो. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि हळूहळू हे पाढे मागे पडले. त्यांबरोबर अपूर्णांक तोंडी हाताळण्याची सवयही गेली, हे नुकसान मान्य करायला हवे. मात्र नुसत्या सवायकीने सवाईचा वार्षिक दर निघत नसे. त्यासाठी त्रैराशिकच मांडावे लागे.

‘कंचेभागुबेव’ची गंमत

पदावली सोडवण्याचा क्रम लक्षात राहावा म्हणून मराठी शाळांत ‘कंचेभागुबेव’ हे सूत्र शिकवतात : कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. यातील ‘चे’ हे अक्षर विशेष मोलाचे आहे. एक विभक्तिप्रत्यय येथे गणिती क्रिया होऊन बसला आहे. ‘१२ ÷ ६ चे १/२’ या पदावलीत आधी ‘सहाचे अर्धे’ म्हणजे ३ काढायचे आणि मग १२ ला ३ ने भागायचे, उत्तर ४. ‘चे’च्या जागी गुणाकाराचे चिन्ह असते, तर डावीकडून जाताना १२ ÷ ६ = २ आणि त्याची निम्मी १, असे उत्तर आले असते.

पण हेच सूत्र शब्दशः पाळले तर फसवते. १० − ४ + ३ यात ‘बे’ हे ‘व’च्या आधी आले, म्हणून काही विद्यार्थी ४ आणि ३ यांची बेरीज आधी करतात व १० − ७ = ३ असे उत्तर लिहितात. खरे उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत; त्या डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने करायच्या. भागाकार-गुणाकाराचेही तसेच. सूत्रात सहा अक्षरे आहेत, पायऱ्या मात्र चारच. हे न सांगता सूत्र पाठ करून घेणे म्हणजे अर्धे शिकवणे होय.

बरोबरीच्या चिन्हाचीही अशीच आबाळ होते. ‘२४ अधिक ६ ची दुप्पट’ काढताना वहीत हमखास ‘२४ + ६ = ३० × २ = ६०’ अशी साखळी दिसते. शेवटचा आकडा बरोबर, पण लिहिलेले विधान खोटे. कारण त्यानुसार ३० आणि ६० समान ठरतात. येथे ‘=’ चा अर्थ ‘आणि मग उत्तर आले’ असा घेतला गेला आहे. अंकगणितात ही सवय खपून जाते, बीजगणितात नडते. चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावच्या मुलांना तराजू समजावून सांगण्याची गरज नसावी : दोन्ही पारड्यांत सारखेच घातले किंवा काढले, तर काटा हलत नाही. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम त्याचाच परिणाम आहे. ३क्ष + ७ = २२ मधील ७ पलीकडे उडी मारून ऋण होत नाही; दोन्ही बाजूंतून ७ काढले जातात. हे उमजलेला विद्यार्थी ३क्ष = १५ नंतर ‘क्ष = १५ − ३’ लिहीत नाही. नुसता नियम घोकलेला पुष्कळदा लिहितो.

शब्दांतून समीकरण

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या परिशिष्टात प्राथमिक वर्गांसाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण दिले आहे. विद्यार्थ्यांची संख्या ‘व’ आणि शिक्षकांची ‘श’ मानून हे समीकरणात मांडायला सांगितले, तर पुष्कळांच्या लेखणीतून ‘३०व = श’ उतरते. वाक्यात ‘तीस विद्यार्थी’ शेजारी शेजारी आले, म्हणून समीकरणातही ३० आणि ‘व’ शेजारी. पण ‘व’ म्हणजे विद्यार्थी नव्हे, विद्यार्थ्यांची संख्या. शिक्षक ४ असतील तर विद्यार्थी १२०; म्हणून व = ३०श. एखादा सोपा आकडा घालून पाहिला की चूक लगेच उघडी पडते, आणि या कसोटीला अर्धा मिनिटही लागत नाही.

आता पुढचे उदाहरण पाहावे. एका शेतकऱ्याने आपल्या कापसाचा एक तृतीयांश भाग विकला आणि एक चतुर्थांश देण्यापोटी दिला. १५ क्विंटल उरला. एकूण कापूस किती? बीजगणिताने क्ष − क्ष/३ − क्ष/४ = १५, म्हणजे ५क्ष/१२ = १५ आणि क्ष = ३६ क्विंटल. ‘क्ष’ न घेताही हे सुटते. कापूस १२ क्विंटल होता, असे धरावे. ४ विकला, ३ दिला, ५ उरला. प्रत्यक्षात १५ उरला, म्हणजे तिप्पट. म्हणून १२ ची तिप्पट ३६.

ही रीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील ‘लीलावती’ या भागात ती ‘इष्टकर्म’ या नावाने येते. त्रैराशिक, पंचराशिक आणि उलट्या क्रमाने जाणारा विलोमविधी हेही तेथेच आहेत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद असलेला शिलालेख बुलढाण्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. तेव्हा या रीती या परिसराला परक्या नाहीत.

वरच्या उदाहरणात एकच शब्द बदलावा : एक तृतीयांश विकला आणि ‘उरलेल्याचा’ एक चतुर्थांश दिला. आता १२ धरले तर ४ विकला, ८ उरला, त्याचा चतुर्थांश २ दिला, शिल्लक ६. पंधराला सहाने भागून बाराने गुणले की ३० क्विंटल. एका शब्दाने सहा क्विंटलचा फरक पडला. परीक्षेत घाईने वाचणाऱ्याच्या डोळ्यांतून नेमका हाच शब्द निसटतो.

इष्टकर्माला मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. एक तृतीयांश विकला, एकूणाचा एक चतुर्थांश दिला, ‘शिवाय २ क्विंटल गाद्यांसाठी ठेवला’ आणि १३ उरला, असे उदाहरण असेल, तर १२ धरून ३ उरतात आणि त्या प्रमाणात उत्तर ५२ येते. ते चूक आहे. ठेवलेले २ क्विंटल एकूण कापसाच्या प्रमाणात बदलत नाहीत, म्हणून प्रमाणाची रीत चालत नाही. आधी १३ मध्ये २ मिळवून १५ करावे लागतात किंवा समीकरण मांडावे लागते. दोन्हींनी ३६ च येतात. बीजगणित कशासाठी शिकायचे, या प्रश्नाला याहून सरळ उत्तर देणे कठीण आहे.

दहावीच्या अभ्यासक्रमात दोन चलांतील रेषीय समीकरणे येतात. एका कुटुंबाने २०२५-२६ च्या हमीभावाने, सोयाबीन ५,३२८ रुपये आणि मध्यम धाग्याचा कापूस ७,७१० रुपये क्विंटल या दराने, दोन्ही मिळून ३० क्विंटल माल विकला आणि १,८८,४२४ रुपये मिळाले. प्रत्येक माल किती? पुस्तकी मांडणी क्ष + य = ३० आणि ५३२८क्ष + ७७१०य = १८८४२४ अशी होईल. हे मोठे आकडे पाहूनच काही जण उदाहरण सोडून देतात. थोडा विचार केला तर काम हलके होते. सगळा माल सोयाबीनच होता, असे मानले तर १,५९,८४० रुपये मिळाले असते. प्रत्यक्षात २८,५८४ जास्त मिळाले. सोयाबीनच्या जागी एक क्विंटल कापूस ठेवला की २,३८२ रुपये वाढतात. २८,५८४ भागिले २,३८२ बरोबर १२. म्हणून कापूस १२ क्विंटल, सोयाबीन १८. पहिल्या समीकरणाला ५३२८ ने गुणून दुसऱ्यातून वजा करणे ही जी यांत्रिक कृती वर्गात करून घेतात, तिचा अर्थ हाच आहे. ‘य’चा लोप होण्याऐवजी ‘क्ष’चा लोप झाला, इतकेच.

विस्तारसूत्रातील एक प्रसिद्ध चूक चित्राने चटकन सुटते : (अ + ब)² च्या जागी अ² + ब² लिहिणे. शंभर मीटर बाजूचे चौरस शेत दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर वाढवले, तर क्षेत्र ११० × ११० = १२,१०० चौरस मीटर होते. नुसते १०,००० आणि १०० मिळवले तर १०,१०० येतात. हरवलेले २,००० चौरस मीटर म्हणजे शंभर बाय दहाच्या दोन पट्ट्या. सूत्रातले २अब ते हेच.

घाटावर, घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्याचे बोलीतले दोन भाग म्हणजे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’. खामगावहून बोथा घाटातून किंवा मलकापूर-मोताळ्याकडून राजूर घाटातून वर येताना गाडी मंदावते आणि उतरताना वेग घेते. सरासरीचे जुनेच उदाहरण या रस्त्यावर घालता येते. चढताना वेग ताशी ३० किलोमीटर, त्याच रस्त्याने उतरताना ६०. सरासरी वेग किती? निम्म्याहून अधिक उत्तरपत्रिकांत ४५ दिसले तरी नवल वाटू नये. रस्ता २० किलोमीटरचा धरला, तर जायला ४० मिनिटे व यायला २० मिनिटे. एका तासात ४० किलोमीटर. सरासरी ४० येते, कारण गाडी मंद वेगात अधिक वेळ होती. रस्त्याची लांबी कितीही धरली तरी उत्तर हेच राहते.

ज्याला जाऊन-येऊन सरासरी ६० हवी, त्याने चढताना ३० चा वेग ठेवला, तर उतरताना किती वेगाने यावे? चाळीस किलोमीटरला चाळीसच मिनिटे मिळतात आणि ती चढण्यातच संपलेली असतात. उत्तर नाही, हेच उत्तर. अशी उदाहरणे पाठ्यपुस्तकांत फारशी नसतात, असायला हवीत.

दोन तुकड्यांच्या गुणांच्या सरासरीतही हाच प्रकार. चाळीस मुलांच्या तुकडीची सरासरी ६० आणि वीस मुलांच्या तुकडीची ७५, तर शाळेची सरासरी ६७.५ नव्हे, ६५. एकूण गुण २,४०० अधिक १,५००, म्हणजे ३,९००, मुले साठ.

एककांची फसगत

सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एका हेक्टरचे १०० आर. ‘१ हेक्टर ५ आर’ हे दशांशात १.०५ होते, घाईत ते १.५ असे लिहिले, तर ४५ आरचा फरक पडतो. एक एकर म्हणजे सुमारे ४०.४७ आर, तेव्हा एका शून्याच्या गाळणीने एकराहून अधिक जमीन कागदावर वाढते. रुपये-पैशांत आणि मीटर-सेंटिमीटरमध्ये हीच चूक होते, पण तेथे ती एवढी महाग नसते. बोलण्यात अजून एकर आणि गुंठे चालतात : चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि अडीच एकराचा एक हेक्टर हा स्थूल हिशेब. या स्थूल हिशेबात एकरी फरक थोडा असला, तरी वाटणीच्या कागदात तो वापरू नये.

घनफळाचे एक उदाहरण पाण्याचे घ्यावे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात किती पाणी मावेल? ३० × ३० × ३ = २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर, असे उत्तर सहज येते. पण शेततळ्याच्या भिंती उभ्या नसतात, उतरत्या असतात. उतार दीडास एक धरला, तर तीन मीटर खोलीला प्रत्येक बाजूने साडेचार मीटर आत यावे लागते आणि तळ २१ × २१ चा उरतो. अशा आकाराचे घनफळ काढताना वरचे क्षेत्र ९००, तळाचे ४४१ आणि दोहोंच्या गुणाकाराचे वर्गमूळ ६३० यांची बेरीज खोलीने गुणून तीनने भागतात. १,९७१ घनमीटर. सुमारे १९ लाख ७१ हजार लिटर. आधीच्या उत्तरापेक्षा सव्वासात लाखांहून अधिक लिटर कमी. वर आणि खाली यांची नुसती सरासरी घेतली, तर २,०११.५ येतात. ते जवळचे असले तरी किंचित जास्तच.

ते भरेल कधी? एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हे एक नाते लक्षात ठेवले की पुढचे सोपे. एका हेक्टरवरचे सगळे पाणी तळ्यात आले, तर सुमारे १९७ मिलिमीटर पावसात ते भरेल. चौथाईच पाणी वाहून आले, तर ७८८ मिलिमीटर लागतील. तळे कोरडे राहिले तर दोष नेहमी पावसाचाच असतो असे नाही. पाणलोटाचे क्षेत्रच कमी धरलेले असू शकते.

पंचराशिकाला तर या जिल्ह्यात अलीकडचा दाखला आहे. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये ‘सुजलाम् सुफलाम् बुलढाणा’ ही गाळ काढण्याची मोठी मोहीम यंत्रांच्या साहाय्याने हाती घेतली होती. त्या धर्तीवर, आकडे मात्र कल्पित घेऊन, उदाहरण असे करता येते : ६ यंत्रे रोज १० तास चालून ८ दिवसांत १४,४०० घनमीटर गाळ काढतात; ९ यंत्रे रोज १२ तास चालून ५ दिवसांत किती काढतील? कोणते प्रमाण सम आणि कोणते व्यस्त, या घोळात न पडता एका यंत्राच्या एका तासाचे काम काढावे. ६ × १० × ८ = ४८० यंत्रतास; म्हणून तासाला ३० घनमीटर. दुसऱ्या वेळी ९ × १२ × ५ = ५४० यंत्रतास, म्हणजे १६,२०० घनमीटर. तेवढाच साठा वाढला, असे मानले तर १ कोटी ६२ लाख लिटर. शाळेत ‘एकमान पद्धत’ म्हणून शिकवतात ती हीच.

उत्तर आल्यावर ताळा पाहणे ही जुनी शिस्त आता वेळेअभावी सुटली आहे. ताळा म्हणजे तीच आकडेमोड पुन्हा करणे नव्हे. उत्तर मूळ वाक्यात घालून वाचणे. वरच्या कापसाच्या उदाहरणात ३६ चा तृतीयांश १२, चतुर्थांश ९, उरले १५ : जुळले. वजन ऋण आले, मुलाचे वय आईपेक्षा जास्त आले, गाडीत साडेतेरा प्रवासी निघाले, तर आकडेमोड तपासण्याआधी मांडणी तपासावी.

उत्तर किती अंकांपर्यंत लिहावे, हेही वाचनावरूनच ठरते. उल्कापाताने झालेल्या आणि २०२० मध्ये रामसर यादीत गेलेल्या लोणार सरोवराच्या विवराचा व्यास सुमारे १,८३० मीटर आहे. त्याचा परीघ किती? बावीस सप्तमांशाने गुणले तर ५,७५१.४३ मीटर येतात. भास्कराचार्यांनी बावीस सप्तमांशाला स्थूल म्हटले आहे आणि सूक्ष्म मान म्हणून ३९२७/१२५० दिले आहे. ते घेतले तर ५,७४९.१३. दोहोंत सव्वादोन मीटरांचे अंतर आहे. कोणते लिहावे? व्यासाच्या आधी ‘सुमारे’ हा शब्द आहे. विवराचा काठ काही कंपासने काढलेला नाही, आणि व्यासातच पाच-दहा मीटर इकडेतिकडे झाले, तर परिघात पंधरा ते तीस मीटर बदलतात. तेव्हा दशांशचिन्हापुढचे अंक येथे निरर्थक होत. परीघ सुमारे पावणेसहा किलोमीटर.